सकारण नकार

आपल्या नीतिविचारात दानाची चर्चा पुष्कळ झाली आहे. नकाराची फारशी झालेली नाही. कोणाला द्यावे, किती द्यावे, कोणत्या भावनेने द्यावे, याविषयी धर्मग्रंथांपासून कीर्तनकारांपर्यंत सर्वांनी सांगून ठेवले आहे. परंतु जे देता येत नाही, ते देता येत नाही हे कसे सांगावे, केव्हा सांगावे आणि कोणाला सांगावे, हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा मानून आपण बाजूला सारतो. आमच्या मते हा प्रश्न शिष्टाचाराचा नसून न्यायाचा आहे. तो न्यायाचा कसा, हे तपासण्यासाठी आम्ही एक वरवर क्षुल्लक दिसणारे उदाहरण घेतो : मनोरंजन-उद्यानातील पाळण्यांवर अपंग व्यक्तींना केली जाणारी मनाई.

पाळणा आपल्याला नवा नाही. आपल्यापैकी अनेकांची मुळे खानदेशात आहेत. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, तेथे घोड्यांच्या बाजाराइतकेच पाळण्यांचेही आकर्षण असते. सुरतेत वनिता विश्रामच्या मैदानावर लागणारे आनंदमेळे आणि त्यांतला ‘चकडोळ’ आपल्या मुलाबाळांच्या परिचयाचा आहे. पुढे यात्रेचे उद्यान झाले. १९८४ मध्ये दिल्लीत अप्पू घर, १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड निघाले. ही दोन्ही आता बंद आहेत. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले. या वाटचालीत यंत्र बदलले, तसा नकारही बदलला. यात्रेतला पाळणा माणूस हातांनी फिरवीत असे. मूल घाबरले तर तो थांबवीत असे, पायाने अधू असलेल्याला उचलून आसनावर बसवीत असे, आणि नको वाटले तर तोंडाने ‘नको’ म्हणत असे. आजच्या यंत्राची गती, कोन आणि बंधने निर्मात्याने परदेशातल्या कारखान्यात आधीच ठरविलेली असतात. निर्णय करणारा दूर गेला. त्याच्या जागी पाटी आली आणि पाटीखाली गणवेशातला एक तरुण उभा राहिला. तो निर्णय घेत नाही, फक्त कळवितो.

आता ही पाटी काय म्हणते ते पाहू. अमुक उंचीपेक्षा कमी असलेली मुले, गर्भवती स्त्रिया, हृदयविकार, रक्तदाब वा मणक्याचा विकार असणारे, मद्यप्राशन केलेले, आणि ‘अपंग व्यक्ती’, यांनी या पाळण्यात बसू नये. एकाच ओळीत सारे. यात ‘अपंग’ हा शब्द किती मोठा आहे याचा लिहिणाऱ्याने विचार केलेला नसतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकारची अपंगत्वे नोंदली आहेत. अंधत्व आहे, बहिरेपण आहे, खुजेपण आहे, स्वमग्नता आहे, तशी थॅलेसेमियासारखी रक्तविकाराची अवस्थाही आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. या साऱ्यांना पाटीवरचा एक शब्द एकाच हाताने बाजूला करतो. गेल्या दहा वर्षांत सरकारी कागदांवर ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आला. शब्द बदलणे सोपे होते. पाटीमागचा विचार बदलणे तितके सोपे नाही.

या पाटीची जागाही विचार करण्याजोगी आहे. ती तिकीट-खिडकीपाशी क्वचितच असते. असते ती रांगेच्या तोंडाशी, पाळण्याच्या फाटकावर. म्हणजे पैसे भरून, उन्हात तासभर उभे राहून, पुढचे बसले आणि मागचे पाहत आहेत अशा क्षणी नकार मिळतो. बहुधा तो त्या व्यक्तीला मिळतच नाही. तो तिच्या सोबतच्याला मिळतो : ‘यांना नाही चालणार.’ समोर उभ्या असलेल्या प्रौढ माणसाविषयी तृतीय पुरुषात बोलले जाते. सोबतची भावंडे मग रांगेतून बाहेर पडतात, किंवा पडत नाहीत; दोन्ही गोष्टी त्या व्यक्तीच्या मनाला लागतात. पाळण्यात बसायला न मिळणे ही या प्रसंगातली सर्वांत लहान हानी आहे. आपण कुटुंबावरचे ओझे आहोत, ही जाणीव चारचौघांत करून दिली जाते, ती खरी हानी.

इतके म्हटल्यावर नकार हाच अन्याय आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. वेगवान पाळण्यात शरीर हवेने धरलेले नसते; ते बंधनाने धरलेले असते. काही पाळण्यांत खांद्यांवरून जोखड येते, काहींत मांड्यांवर एक दांडा बसतो. दांडा मांड्यांवर टेकतो म्हणून शरीर आसनात राहते. मांड्याच नसतील तर दांड्याने धरायचे कशाला? २०११ च्या जुलैत अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एका उद्यानात इराकच्या युद्धात दोन्ही पाय गमावलेला एक सैनिक अशाच पाळण्यातून फेकला जाऊन मरण पावला. बसणाऱ्याला दोन्ही पाय असले पाहिजेत, अशी अट तेथे लावलेली होती. तरीही तेथील कर्मचाऱ्यांनी त्याला बसू दिले. जखमी वीराला ‘नाही’ कसे म्हणावे, असे त्यांना वाटले असेल, तर ते माणुसकीला धरून होते. पण त्या माणुसकीने एक माणूस गेला. दयेने दिलेला होकार हा अपमानाने दिलेल्या नकाराहून चांगला असतोच, असे म्हणता येत नाही. दोन्हींमध्ये समोरच्याला वस्तुस्थिती सांगण्याचे टाळलेले असते.

म्हणून प्रश्न ‘नकार द्यावा की न द्यावा’ असा नसून ‘नकार कशाला आहे’ असा आहे. या नकारांची फोड केली तर चार कारणे हाती लागतात. पहिले बंधनाचे : आसन आणि दांडा अमुक आकाराच्या, अमुक अवयवांच्या शरीरासाठीच घडविले आहेत. उंचीची अटही याच कारणाने आहे. तिचा वयाशी संबंध नाही. दुसरे बलाचे : एकाएकी वळताना किंवा थांबताना मानेला आणि पाठीला जो हिसका बसतो, तो सावरण्याइतकी ताकद त्या शरीरात हवी. तिसरे सुटकेचे : यंत्र उंचावर बंद पडले तर अरुंद जिन्याने चालत उतरावे लागते. आणि चौथे भीतीचे : काही झाले तर आपल्यावर येईल, त्यापेक्षा नको.

पहिली तीन कारणे यंत्रात आहेत, चौथे मनात आहे. पाटीवर मात्र चारही एकाच वाक्यात दडलेली असतात. त्यामुळे ज्याला खरोखर धोका आहे आणि ज्याला काहीच धोका नाही, अशा दोघांनाही सारखाच नकार मिळतो. अंध व्यक्तीचे हातपाय आणि मान इतरांसारखीच असते. तिच्या बाबतीत पहिली दोन कारणे लागूच होत नाहीत. तिसरे लागू होईल, पण सोबत माणूस असेल तर त्याचाही मार्ग निघतो. बहिऱ्या व्यक्तीला कर्मचाऱ्याची सूचना ऐकू येणार नाही हे खरे. ती तिला बसण्यापूर्वी चित्राने आणि हाताच्या खुणेने देता येते. उलट, ज्याच्या कानात श्रवणयंत्राचे रोपण केले आहे, त्याला बाहेरचा भाग काढून ठेवायला सांगितले पाहिजे, कारण प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर निर्माण होणाऱ्या स्थिर विजेने ते यंत्र बिघडू शकते. ही उपयोगाची सूचना आपल्याकडील पाटीवर शोधून सापडायची नाही. सरसकट मनाईचा हा दुसरा दोष आहे : ती नको त्याला अडविते आणि हवे ते सांगत नाही.

कायद्याने या बाबतीत बराच विचार केला आहे. २०१६ च्या अधिनियमाचे तिसरे कलम अपंगत्वाच्या कारणाने भेदभाव करण्यास मनाई करते, पण तेथे एक अपवाद ठेवते : ते कृत्य एखादे योग्य उद्दिष्ट साधण्याचे प्रमाणशीर साधन आहे असे दाखवून दिले तर. यातील ‘प्रमाणशीर’ आणि ‘दाखवून दिले’ या दोन शब्दप्रयोगांत सारे नीतिशास्त्र आले. जीव वाचविणे हे उद्दिष्ट योग्यच आहे. पण त्यासाठी एकवीस प्रकारच्या माणसांना अडविणे प्रमाणात बसत नाही, आणि ते दाखवून देण्याचा भार अडविणाऱ्यावर आहे. अमेरिकेतील नियम आणखी स्पष्ट आहे. सुरक्षिततेची अट प्रत्यक्ष धोक्यावर आधारलेली असावी, अपंगांविषयीच्या तर्कावर, साचेबंद समजुतींवर नसावी, असे तो म्हणतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००६ च्या करारात करमणूक आणि विरंगुळा यांतील सहभाग हा अपंगांचा हक्क म्हणून तिसाव्या अनुच्छेदात लिहिला आहे, आणि भारताने तो करार २००७ मध्ये मान्य केला आहे. अन्न, औषध, शाळा ही गरज. पाळणा हा चैनीचा भाग, असे कोणी म्हणेल तर त्याला एवढेच विचारावे की, आपल्या मुलांच्या बाबतीत आपण हा भेद कधी केला होता?

विमानप्रवासातला एक खटला या संदर्भात आठवतो. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी जीजा घोष या मेंदूच्या पक्षाघाताने बाधित विदुषींना कोलकात्याहून गोव्याला जाणाऱ्या विमानातून आसनावर बसल्यानंतर उतरविण्यात आले. त्या एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये त्यांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पुढे मे २०२२ मध्ये रांचीच्या विमानतळावर एका अपंग मुलाला विमानात घेण्याचे नाकारले गेले, तेव्हा विमान कंपनीला दंड झाला आणि त्याच वर्षी नियमात दुरुस्ती झाली. प्रवाशाची प्रकृती उड्डाणात बिघडेल असे वाटले तर कर्मचाऱ्याने आपल्या अंदाजावर न जाता डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, असे ठरले. अंदाजाच्या जागी तपासणी आली, हा त्या दुरुस्तीचा गाभा. विमानात जे शक्य झाले ते पाळण्यापाशी अशक्य का असावे?

शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांना येथे एक जुना परिचित सिद्धांत आठवल्यावाचून राहत नाही. कोणाचा अर्ज फेटाळायचा तर आदेश ‘बोलका’ असावा लागतो. म्हणजे त्यात कारणे नमूद असावी लागतात. ‘अर्ज नामंजूर’ एवढेच लिहून चालत नाही. १९९० मध्ये एस. एन. मुखर्जी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे तत्त्व न्यायसदृश अधिकार वापरणाऱ्या प्रशासकीय अधिकाऱ्यांसाठी पक्के केले. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने चौथ्या कलमात, बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणे कळविणे हे सार्वजनिक कार्यालयांचे कर्तव्यच ठरविले. या तत्त्वाचे व्यावहारिक लाभ कचेरीत रोज दिसतात. कारण लिहावे लागले की लिहिणाऱ्याला आधी विचार करावा लागतो. अनेकदा कारण लिहायला बसल्यावर लक्षात येते की कारणच नाही, आणि अर्ज मंजूर होतो. कारण वाचणाऱ्याला ते पटो वा न पटो, आपला विचार केला गेला एवढे तरी कळते. शिवाय त्याला पुढची वाट दिसते : कोणती उणीव भरून काढावी, कोठे दाद मागावी.

खासगी उद्यानाचा मालक न्यायाधीश नव्हे, आणि वरचा सिद्धांत त्याला जसाच्या तसा लागू होत नाही. तथापि तोही पैसे घेऊन सेवा देतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेविषयी माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, दुसऱ्या माणसाच्या मार्गात आडवे उभे राहणाऱ्याने ‘का’ या प्रश्नाला उत्तर द्यावे, ही अपेक्षा न्यायालयांनी निर्माण केलेली नाही. ती माणसाच्या माणूसपणातूनच येते. कारण ऐकण्याची पात्रता ज्याला आहे असे आपण मानतो, त्यालाच आपण कारण सांगतो. दगडाला, जनावराला, तान्ह्या मुलाला कोणी कारण सांगत बसत नाही. म्हणून कारण न सांगता अडविलेल्या प्रौढ माणसाला अपमान वाटतो, तो त्याचा हळवेपणा नव्हे. त्याला नेमके कळलेले असते.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःच घेऊन ठेवतो. इतिहासातल्या अन्यायी नकारांनाही कारणे होतीच. चोखोबांना पंढरीच्या देवळाबाहेर ठेवले गेले, तेव्हा शास्त्राचे कारण दिले गेले. ते कारण इतके टिकले की १९४७ मध्ये विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. मग केवळ कारण दिल्याने नकार न्याय्य होतो काय? होत नाही. कारण कोणत्या जातीचे आहे हे पाहावे लागते. ‘तू अमुक आहेस म्हणून नाही’ हे कारण माणसाविषयी आहे; ते तपासता येत नाही आणि बदलताही येत नाही. ‘हा दांडा मांडीवर टेकतो, म्हणून मांडीचा अमुक भाग असल्याशिवाय शरीर धरले जात नाही’ हे कारण वस्तूविषयी आहे. ते मोजता येते, खोटे असेल तर खोटे ठरविता येते. पहिल्या प्रकारचे कारण दाराला कुलूप लावते. दुसऱ्या प्रकारचे कारण दार किती रुंद आहे ते सांगते.

या विवेचनातून पाटी कशी असावी हे आपोआप निघते. तिने माणसांची यादी न देता पाळण्याचे वर्णन द्यावे : शरीर कशाने धरले जाते, हातांनी पकडावे लागते काय, डोके उलटे होते काय, अंधार वा लुकलुकणारा प्रकाश आहे काय, बंद पडल्यास किती पायऱ्या उतराव्या लागतात. ही माहिती तिकिटापूर्वी मिळावी. घरून निघण्यापूर्वी दूरध्वनीवर वा संकेतस्थळावर मिळाली तर अधिक बरे, म्हणजे मुलाला काय सांगून न्यायचे हे आईबापांना ठरविता येते. पाळण्याचे एक नमुन्याचे आसन बाहेर ठेवावे. काही उद्यानांत तसे असते. त्यावर बसून दांडा बसतो की नाही हे रांगेत न शिरता, लोकांच्या नजरा न झेलता ज्याचे त्याला पाहता येते. आणि जेथे नकार द्यायचाच, तेथे तो त्या व्यक्तीच्या डोळ्यांकडे पाहून, तिलाच उद्देशून, कारणासह द्यावा आणि लगेच कोणते पाळणे खुले आहेत तेही सांगावे.

भाषेचा मुद्दा आपल्याला विशेष कळण्यासारखा आहे. शिरोरेषेशिवायची गुजराती अक्षरे आपल्या आधीच्या पिढीतील वडीलधाऱ्यांना कशी अडखळत वाचावी लागत, हे घराघरांत ऐकिवात आहे. पाटी लावलेली असणे आणि पाटी पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे परप्रांतात वसलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. २०१६ च्या अधिनियमाने ‘संप्रेषण’ या शब्दाच्या व्याख्येत ब्रेल, ठळक अक्षरे, खुणांची भाषा, ध्वनिमुद्रण आणि सोपी भाषा या सर्वांचा समावेश केला आहे, तो याच जाणिवेतून. अंध माणसासाठी अंध व्यक्तींवरील मनाईची पाटी रंगवून ठेवणे ही विनोदाची गोष्ट नव्हे. ती आपल्याकडे नित्याची आहे.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादेत कांकरियाला पाळणा तुटून माणसे दगावली. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या खेळघराच्या आगीत सत्तावीस जणांचा बळी गेला. अशा घटनांनंतर परवानगी देणारा, विमा उतरविणारा आणि चालविणारा, तिघेही हात आखडता घेतात हे स्वाभाविक आहे. पण या दोन दुर्घटनांत कोणाच्या अपंगत्वाचा काही संबंध नव्हता. एक यंत्र मोडले आणि एक इमारत जळाली. यंत्राची देखभाल आणि बाहेर पडण्याचे मार्ग यांत जी कसूर झाली, तिची भरपाई चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला फाटकावर अडवून होत नाही. खरे तर ज्या उद्यानाला आपल्या पाळण्यातून अधू माणसाला खाली कसे उतरवावे हे माहीत आहे, ते उद्यान धडधाकट माणसासाठीही अधिक सुरक्षित असते. फाटकावरच्या तरुणाचेही हित यातच आहे. कंत्राटी पगारावरच्या त्या मुलाच्या अंगावर सारा निर्णय टाकणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे. स्पष्ट लिहिलेली अट त्याला निष्ठुरतेपासून वाचविते आणि भिडेपासूनही.

आणखी एक प्रश्न उरतो. धोका माहीत असून प्रौढ माणूस तो पत्करायला तयार असेल, तर त्याला अडविणारे आपण कोण? मिल या तत्त्ववेत्त्याने स्वतःपुरत्या हानीच्या बाबतीत माणसाला मोकळे सोडावे असे प्रतिपादले. आम्हाला ते बव्हंशी मान्य आहे. पण उंचावर अडकलेल्याला खाली आणायला दुसऱ्याला चढावे लागते, आणि आसनातून निसटणारे शरीर शेजारच्यावरही आदळते. तेथे धोका एकट्याचा राहत नाही. जेथे तो एकट्याचाच आहे, उदाहरणार्थ पाठ दुखण्याचा, चक्कर येण्याचा, तेथे माहिती द्यावी आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. बहुतेक धोके या दुसऱ्या प्रकारचे असतात.

सकारण नकाराचा सर्वांत मोठा गुण हा की तो कायमचा राहत नाही. कारण सांगितले की ते दूर करता येते काय, हा विचार सुरू होतो. वणीच्या सप्तशृंगीचे उदाहरण आपल्या घराघरांत माहीत आहे. पायऱ्या चढवत नाहीत त्याच्या नशिबी गडावरचे दर्शन नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. २०१८ मध्ये तेथे रुळांवरून चढणारी गाडी सुरू झाली आणि कळले की नकार देवीने दिला नव्हता, गडानेही दिला नव्हता. पायऱ्यांनी दिला होता. अमेरिकेत टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे २०१० मध्ये निघालेल्या मॉर्गन्स वंडरलँड या उद्यानात चाकाच्या खुर्चीसकट बसता येईल असे पाळणे केले गेले. ‘हे शरीर या आसनात बसत नाही’ असे नीट म्हटले गेल्यावरच ‘मग आसन बदलू’ असे कोणाला तरी सुचू शकते. ‘अपंगांना मनाई’ या वाक्यातून काही सुचत नाही.

शेवटी हा विषय मनोरंजन-उद्यानांच्या मालकांवर सोडून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्या मंडळांचे कार्यक्रम होतात, व्याख्याने होतात, गणेशोत्सव होतो. सभासद वयाने वाढत आहेत. कोणाच्या हातात काठी आली आहे, कोणाला ऐकू कमी येते. निमंत्रणपत्रिकेवर वक्त्याचे नाव, विषय आणि अल्पोपाहार छापला जातो. सभागृह पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, जिन्याला इतक्या पायऱ्या आहेत आणि कठडा एकाच बाजूला आहे, हे छापले जाते काय? ते छापले नाही तर जो जिन्याच्या तळाशी येऊन परत जातो, त्याला आपणही नकारच दिलेला असतो, आणि तोही कारणाशिवाय. पुढच्या पत्रिकेत ही एक ओळ घालण्याला खर्च येत नाही. ती ओळ छापायला गेलेल्या कार्यकारिणीला पुढच्या वर्षी तळमजल्यावरचे सभागृह शोधावेसे वाटेल, असा आमचा अनुभवावर आधारलेला अंदाज आहे.